वस्तीचा रस्ता, भाऊंच्या दारी

गेल्या येळवशीला तुमच्या धाकट्या आजीने काय केलं, ते तुमच्या बाबाने फोनवर ऐकून तुम्हाला सांगितलं असेल. त्यातलं निम्मं चुकीचं असणार, कारण तो तिथे नव्हता. मी होते. म्हणून नीट क्रमाने लिहून ठेवते.

आधी येळवस म्हणजे काय, ते सांगायला हवं. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. थंडीत येते, ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते आणि हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात तेव्हा. त्या दिवशी लातुरात दुकानं बंद असतात. रस्त्यावर कुत्री आणि माझ्यासारखे वाट चुकलेले नांदेडकर, एवढेच दिसतात. बाकी सगळा जिल्हा शेतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची एक खोपी उभी करतात, तिला कोप म्हणतात. कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा झाली की आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे. शेतात जे जे हिरवं दाणेदार असेल ते सगळं एका पातेल्यात घालून, बेसन लावून घट्ट शिजवायचं, ती भज्जी. तुमच्या तिकडच्या फ्रीजमधल्या मटारांची ती होत नाही, प्रयत्न करू नका.

या सणाचा एक नियम आहे आणि तो कोणीच मोडत नाही. शेतात आलेल्या माणसाला, मग तो कोणाचाही कोणी असो, जेवल्याशिवाय सोडायचं नाही. आणि कोणी आपल्या कोपीवर बोलावलं तर पोट कितीही भरलेलं असो, ‘नको’ म्हणायचं नाही. जायचं, पांडवांच्या पाया पडायचं, एक घास खायचा. सगळं घडलं ते या नियमामुळे.

आता धाकटी आजी. म्हणजे माझी जाऊ. मी लग्नानंतर नांदेडला आले आणि शहरातच राहिले, पण धाकटा दीर आणि ती चाकूर तालुक्यातल्या आपल्या गावी राहतात. गावात नाही, गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर. आमच्या भावकीची आणि शेजाऱ्यांची मिळून थोडी घरं, एक विहीर, गोठे आणि चिंचेचं झाड, अशी ती वस्ती. तिचं सगळं आयुष्य तिथे गेलं. काही वर्षांपूर्वी तिच्या किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा लातूरला जाऊन डायलिसिस करून घ्यावं लागतं. डाव्या हातावर त्यासाठी शस्त्रक्रिया केली आहे, त्या हाताने तिने वजन उचलायचं नाही. पाणी मोजून प्यायचं. भज्जी, खीर, उंडे यातलं जवळजवळ काहीच खायचं नाही. तरी येळवशीचा सगळा स्वयंपाक तीच करते आणि मीठ बरोबर आहे का ते वासावरून सांगते.

चाकूरचे एक जीपवाले मामू तिला नेतात-आणतात. तेव्हा पावसाळ्यात त्यांची जीप वस्तीपर्यंत येत नसे. आपली जमीन काळी आहे. पाऊस पडला की ती चाकाला धरते आणि सोडत नाही. त्या येळवशीच्या आधीच्या पावसाळ्यात एकदा ट्रॅक्टरने तिला डांबरी रस्त्यापर्यंत न्यायला निघाले, तर ट्रॅक्टरच ओढ्यात बसला. मग वस्तीवरच्या माणसांनी तिला बाजेवर घालून उचलून नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिला धाप लागली होती, पुढे काही दिवस तिथेच ठेवावं लागलं. तेव्हा तिच्या मुलाने ठरवून टाकलं: पुढच्या पावसाळ्याच्या आत एकतर वस्तीला रस्ता, नाहीतर आई लातूरच्या फ्लॅटमध्ये. मुलगा चांगला आहे आणि त्याचं चुकत नव्हतं.

तिला मात्र फ्लॅट म्हणजे दुसरा दवाखाना वाटतो. मला म्हणाली, “आक्का, तिथं मी काय करू? आपल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघू? मरायचं तर न्हाईच, पण जगायचं तर मला चिंचेखाली जगायचंय.”

तुम्ही म्हणाल, मग रस्ता करून घ्यायचा. तर रस्ता झालेला होता.

गावाच्या वेशीपाशी एक मोठा निळा बोर्ड आहे. त्यावर भाऊंचा हात जोडलेला फोटो, आणि खाली गावापासून आमच्या वस्तीपर्यंतच्या रस्त्याचं डांबरीकरण, काम पूर्ण, असं ठळक लिहिलेलं. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. तेव्हा ते एका पक्षाचे होते, आता दुसऱ्या पक्षाचे आहेत, मधे काही दिवस कुठे होते ते त्यांनाही नक्की सांगता येणार नाही. तर बोर्डापासून डांबर निघतं, सुरेख, काळंभोर, सरळ येतं, लिंबाच्या झाडापर्यंत. तिथून वस्ती डावीकडे आणि भाऊंचं नवं शेतघर उजवीकडे. डांबर उजवीकडे वळतं. नुसतं वळत नाही, फाटकातून आत जातं आणि थेट पोर्चमध्ये थांबतं. मी लातूरपासून नांदेडपर्यंत पुष्कळ सरकारी रस्ते पाहिले आहेत, पण सावलीत संपणारा हा एकच.

माझे दीर कचेरीत जाऊन आले. पुन्हा गेले. तिथल्या साहेबांनी त्यांना चहा दिला आणि समजावून सांगितलं, “काका, तुमच्या वस्तीला रस्ता झालेला आहे. झालेल्या रस्त्याला परत रस्ता मंजूर करता येत नाही.”

दीर म्हणाले, “पण साहेब, तो झालेला न्हाई.”

“झालेला आहे, काका. बिल निघालंय.”

माझे दीर चहा संपवून घरी आले. गावात बोलावं तर कोणी बोलेना. कोणाची सून भाऊंच्या शाळेत शिक्षिका, कोणाच्या विहिरीचं प्रकरण भाऊंच्या हातात, आणि रस्त्याचा कंत्राटदार भाऊंचा मेहुणा. वाईट सगळ्यांनाच वाटत होतं, पण ते घरात बसून.

मी तेव्हा एक सविस्तर तक्रारअर्ज केला. फोटो जोडले, बोर्डावरचा मजकूर उतरवला, रस्ता कुठे जायला हवा होता आणि कुठे गेला ते नकाशा काढून दाखवलं, आणि या गैरव्यवहाराची चौकशी होऊन संबंधितांवर कारवाई व्हावी अशी मागणी केली. जावेला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “लई चांगलं लिवलंय. वाचलं की झोप येती.”

“अगं, सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे,” मी म्हटलं.

“हाव की. पण तुमचा प्रश्न पैशाचा हाय, माझा गाडीचा हाय. तुमची चौकशी होईस्तोर मी फ्लॅटात जाऊन बसते.”

येळवशीच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला. यंदा कोपीवर पुष्कळ माणसं बोलवायची होती. माहेरची उदगीरकडची, लेकींच्या सासरची, डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असणाऱ्या बाया आणि त्यांच्या घरचे, तिथल्या नर्सबाई, सगळे. निमंत्रण मी लिहायचं.

“तुमचं मराठी सरकारी वाटतंय, म्हणून,” ती म्हणाली. “लिवा, वेशीपाशी निळा बोर्ड हाय. बोर्डाप्रमाणं सरळ डांबरी रस्त्यानं यावं. रस्ता संपंल ती आमची वस्ती.”

मी लिहिता लिहिता थांबले. “अगं, रस्ता तर भाऊंच्या पोर्चमध्ये संपतो.”

“मी म्हनते का तसं? बोर्ड म्हनतोय. कचेरी म्हनती. सरकारला खोटं पाडणारे आपण कोण?”

“आणि त्या दिवशी तिथे भाऊंची मोठी येळवस असते. त्यांचे साहेब येणार आहेत, पेपरात आलंय.”

“व्हय का? मला पेपर वाचता येत न्हाई,” ती म्हणाली. हे साफ खोटं होतं. ती पेपर रोज वाचते, मरणाच्या जाहिरातींसकट.

मी निमंत्रण लिहिलं. पाठवायच्या आधी शुद्धलेखन तपासलं. एवढा माझा या कटातला वाटा.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी मुक्कामाला गेले. सकाळी दिरांनी कोपीत पूजा केली आणि आंबील शिंपडत शेताला फेरी घातली. फेरी घालताना एक घोष म्हणतात, तो कन्नडातून आला आहे असं सांगतात आणि त्याचा अर्थ आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. तरी दरवर्षी सगळे मोठ्याने म्हणतात. आवाज खाली गेला तर देवाला नाही, शेजाऱ्याला ऐकू जात नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो. कोपीपासून भाऊंचं शेतघर स्पष्ट दिसतं, मधे फक्त त्यांचं नांगरलेलं रान आणि ओढा. तिकडे पांढरा मांडव घातला होता. लिंबापाशी एक गाडी आली, उजवीकडे वळली आणि आत गेली. दुसरी आली, वळली, आत गेली. त्यामागे उदगीरची मोठी गाडी, छपरावर उसाची मोळी.

“माझा भाऊ हाय त्यो,” जाऊ म्हणाली. “ऊस आणायची सवय गेली न्हाई त्याची. इथं ऊस काय कमी हाय?”

दीर अस्वस्थ झाले होते. “अगं, ते लोक तिकडं जाऊलालेत भाऊकडं. हाकलून दिले तर?”

“येळवशीला कोण हाकलतंय?”

आणि कोणी हाकललं नाही. हे मला नंतर पाहुण्यांकडून कळलं. फाटकावर गळ्यात पक्षाची उपरणी घातलेले कार्यकर्ते उभे होते. त्यांना वाटलं, गाड्या भरभरून माणसं येत आहेत म्हणजे भाऊंचीच माणसं. त्यांनी “या, या, बसा” केलं. नर्सबाईंना तर हार घातला. त्यांना त्या महिला आघाडीच्या वाटल्या. उदगीरकरांना पहिल्या रांगेत बसवलं. तिथे खुर्च्यांना झालरी होत्या आणि पांडव ऑइलपेंटने रंगवलेले होते, चकचकीत. भज्जी केटररची होती आणि तिच्यात पनीर होतं. उदगीरच्या मामांनी, म्हणजे जावेच्या त्या ऊसवाल्या भावाने, ते बोटाने बाजूला काढून बघितलं आणि शेजाऱ्याला विचारलं, “ह्ये कुठल्या झाडाला येतंय?”

गाड्या यायच्या थांबल्या तेव्हा जाऊ उठली. नवी इरकली साडी नेसली होती. “चला आक्का,” म्हणाली. “पाहुणे चुकलेत, आणायला जाऊ.”

नांगरलेल्या रानातून चालणं तिला सोपं नव्हतं. ढेकळं दगडासारखी, मधे ओढा, ओढ्यात थंडीतही घोट्याएवढं पाणी, आणि पलीकडे बाभळी. ती दर थोड्या अंतरावर थांबत होती. मी म्हटलं, दिरांना पाठवू या. ती म्हणाली, “ते गेले तर भांडण होईल. मी गेले तर पाहुणचार होईल.”

मांडवात शिरलो तेव्हा साहेब नुकतेच येऊन सोफ्यावर बसले होते. साहेब म्हणजे भाऊंचे वरचे, मुंबईत ऊठबस असणारे. पांढरेशुभ्र कपडे, पायात पांढरे बूट. भाऊ त्यांच्या कानाशी वाकून काही सांगत होते. शेजारी भाऊंची म्हातारी आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. तिचं आणि माझ्या जावेचं माहेर एकच गाव, म्हणून जाऊ तिला आत्या म्हणते आणि भाऊंना अरेतुरे करते. आणखी कोणी तसं करताना मी पाहिलेलं नाही.

भाऊंनी तिला पाहिलं. “काय गं ताई, इकडं कशी? बस की, जेव.”

“जेवायला न्हाई आले, बाबा. माझे पाहुणे न्यायला आले. बोर्ड वाचून वस्तीवर येऊलालते, रस्त्यानं तुझ्या दारात सोडलं. त्यांची काय चूक न्हाई. रस्ता नवीन हाय, त्यालाच वाट ठाऊक न्हाई.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

“कुठला बोर्ड?” साहेबांनी विचारलं. पुढाऱ्यांना बोर्डांविषयी स्वाभाविक कुतूहल असतं.

भाऊ म्हणाले, “काही नाही साहेब, गावचं आपलं...” पण साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं होतं. माझा चष्मा पाहून असेल, ते म्हणाले, “मॅडम, आपण सांगा.”

मी सांगितलं. बोर्डावर काय आहे, डांबर कुठे वळलं, कचेरी काय म्हणते, आणि पुढच्या पावसाळ्याआधी गाडी वस्तीपर्यंत आली नाही तर या बाईला घर सोडावं लागेल. एवढंच, अर्जातल्यासारखं. साहेबांचा चेहरा भातात खडा लागलेल्या माणसासारखा झाला. समोर दोन-तीन जण मोबाईल उंच धरून उभे होते, एरवी ते साहेबांचेच फोटो काढायला आणलेले असतात.

“मग करून टाका ना भाऊ, एवढं काय?” साहेब म्हणाले.

“साहेब, रेकॉर्डला झालेला आहे,” भाऊ हळूच म्हणाले. माणूस खरं बोलला, पण वेळ चुकली.

तेवढ्यात म्हातारी पुढे झुकली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती सगळ्यांशी मोठ्याने बोलते. “ह्यो रस्ता वस्तीचा हाय व्हय रे? मला म्हणलास, सायबांनी दिला. घरभरणीला भेट म्हणून.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पीत राहिले.

मला वाटलं, आता बिंग फुटणार. पण जावेला तो विषय तिथे थांबवायचा नव्हता आणि ताणायचाही नव्हता. ती साहेबांना म्हणाली, “ते जाऊ द्या साहेब. सणाच्या दिवशी कुणी काय खाल्लं ते इचारू नये. आमच्या कोपीवर चला. पांडवांच्या पाया पडा, एक घास खा. हितंच हाय, दिसतंय बघा.”

साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी घड्याळाकडे. म्हणाले, “साहेबांना पुढं अहमदपूरला कार्यक्रम आहे, ताई.”

“येळवशीला न्हाई म्हनत नसतेत,” म्हातारी म्हणाली आणि खुर्चीतून उतरून चपला शोधू लागली. “चल पोरी, मी बी येते. ह्यांच्या भज्जीत त्ये पांढरं काय घातलंय, मला चावंना.”

म्हातारी उठल्यावर साहेबांना बसून राहता येईना. मोबाईल समोर होते. उठले. साहेब उठले म्हणून भाऊ उठले, भाऊ उठले म्हणून कार्यकर्ते उठले, आणि आपले पाहुणे तर उठलेच, त्यांना खऱ्या भज्जीची घाई होती.

“गाडी काढा,” साहेब म्हणाले.

“गाडी जात न्हाई, साहेब,” जाऊ म्हणाली. “चालत जावं लागतंय.”

अशी ती वरात निघाली. पुढे जाऊ आणि म्हातारी एकमेकींचा हात धरून, मागे साहेब, भाऊ, उपरणीवाले, नर्सबाई गळ्यात हार घातलेल्या, आणि सगळ्यात मागे मामा, उसाची मोळी खांद्यावर परत घेऊन. ढेकळांत साहेबांचा पाय दोनदा मुरगळता मुरगळता राहिला. बाभळीचा काटा त्यांच्या बुटाच्या तळव्यात शिरला, तो काढायला दोन कार्यकर्ते गुडघ्यावर बसले. ओढ्यापाशी सगळे थांबले. सगळे पांढऱ्या बुटांकडे बघू लागले. शेवटी साहेबांनी ते काढले, हातात घेतले आणि पाण्यात उतरले.

मधेच त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात खरंच कुतूहल होतं, “पावसाळ्यात इथून कशा जाता?”

“बाजेवर,” जाऊ म्हणाली. “बाज म्हंजे आमची अँब्युलन्स. चार माणसं लागतेत, डिझेल लागत न्हाई.”

कोपीवर त्यांनी पांडवांना हात जोडले. मग दिरांनी वाढलं. साहेबांनी एक घास म्हणून सुरुवात केली आणि भज्जी तीनदा मागून घेतली. ती त्यांना आवडली, यात राजकारण नव्हतं. त्यांनी जावेला विचारलं, “तुम्ही नाही बसल्या?”

“मला चालत न्हाई,” ती म्हणाली. “मी वाढते. बघूनच पोट भरतंय.” आणि तिने उजव्या हाताने त्यांना आणखी वाढलं.

जाताना साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की रस्ता होईल आणि चौकशीही होईल. भाऊंनी मान डोलावली. भाऊंची मान सवयीची आहे, कुठल्याही आश्वासनाला डोलते. मी मात्र त्या दिवशी फार समाधानात होते. मला वाटलं, दोन्ही होणार. जाऊ भांडी आवरत म्हणाली, “आक्का, त्यातलं एकच होईल. कुठलं, ते बघायचं.”

तिचं खरं झालं. झेडपीच्या निवडणुकीची हवा सुरू झाली होती, ओढ्यातल्या बुटांचा व्हिडिओ घरोघर फिरला होता, आणि म्हातारीने घरात बोलणं सोडलं होतं. यातल्या कशाने काम झालं ते भाऊच जाणोत, पण उन्हाळ्यात एक दिवस मशीन आलं. ओढ्यात मोठे सिमेंटचे पाइप टाकले, वर मुरूम दाबला. लिंबापासून रस्ता करायचा तर मधे दुसऱ्याचं रान येतं आणि नवीन मंजुरी लागते, म्हणून भाऊंच्या पोर्चपासून पुढे, त्यांच्याच रानातून, थेट आमच्या चिंचेपर्यंत मुरूम पडला. कुठल्या खर्चातून, मी विचारलं. कोणी सांगितलं नाही.

आणि मग माझ्या अर्जावर चौकशी आली. दोन अधिकारी, टेप घेऊन. त्यांनी बोर्डापासून वस्तीपर्यंत मोजलं. रस्ता वस्तीपर्यंत पोचत होता. मी त्यांना म्हटलं, अहो, हा शेवटचा भाग गेल्या महिन्यात झाला, त्याआधीचं काय? ते म्हणाले, “मॅडम, आम्ही जे आहे ते मोजतो.” तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, असा अहवाल गेला. मी पुढे अपील केलं आहे. ते चालू आहे. तुम्ही मोठे व्हाल तोवर निकाल लागला तर तुम्हालाही कळवीन. हसू नका. कोणीतरी विचारत राहायला हवं, आणि माझं मराठी सरकारी आहे.

मी जावेला म्हटलं, “बघ, तुझ्या रस्त्याने माझी चौकशी बुडवली.”

“तुमच्या चौकशीनं माझी जीप बुडली असती,” ती म्हणाली.

पण त्या अहवालात एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली, आणि ती लिहिताना भाऊंचं लक्ष नसावं. गावापासून वस्तीपर्यंतचा सार्वजनिक रस्ता सलग आहे, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे फाटकातून, पोर्चमधून, पलीकडच्या चिंचेपर्यंत, सगळा सलग, सगळा सार्वजनिक. भाऊंनी रस्ता वस्तीचा आहे असं कागदावर सिद्ध करून घेतलं, आता तो आपला आहे असं म्हणायची सोय राहिली नाही. फाटक लावता येत नाही. लावलं तर वस्तीवरची म्हैस येते आणि शिंगाने उघडते.

यंदाच्या पावसाळ्यात मी काही दिवस तिच्याकडे होते आणि डायलिसिसला सोबत गेले. रात्रभर पाऊस झाला होता. पहाटे मामूंची जीप चिंचेखाली येऊन उभी होती, चाकांना मुरूम, चिखल नाही. जाऊ स्वतः चालत येऊन बसली. तिचा मुलगा आता फ्लॅटचं नाव काढत नाही, तिथे त्याने सासूबाईंना आणून ठेवलं आहे.

ओढा ओलांडून आम्ही भाऊंच्या अंगणात शिरलो, तर जीप थांबली. पावसाने पोर्चच्या कडेला मोठा खड्डा पडला होता. ओट्यावर म्हातारी शाल पांघरून बसली होती. डायलिसिसच्या दिवशी ती तिथे बसते, जावेला जाताना बघायला.

“मामू, थांब जरा,” म्हातारी म्हणाली आणि घराकडे तोंड करून हाक मारली. तिची हाक तुम्ही ऐकली असती तर तुमच्या गावातही दिवे लागले असते. “भाऊ. ऊठ. खड्डा पडलाय. पोरीची गाडी अडली.”

भाऊ बाहेर आले. बनियन, गुडघ्यापर्यंत वर केलेला पायजमा, तोंडात ब्रश. गड्याला हाक मारणार होते, पण गडी यायची वेळ झाली नव्हती. आम्हाला बघून त्यांनी ब्रश तोंडात तसाच ठेवून हात जोडले, बोर्डावर असतात तसे.

“नमस्कार मागून घाल,” म्हातारी म्हणाली. “आधी मुरूम घाल.”

ढीग कडेलाच होता. भाऊंनी फावडं घेतलं. दोन घमेली टाकल्यावर त्यांना दम लागला. त्यांनी पायाने मुरूम दाबला आणि आमच्याकडे पाहिलं.

जाऊ जीपच्या खिडकीतून वाकून बघत होती. “अजून एक घमेलं टाक, बाबा,” ती म्हणाली. “संध्याकाळी परत येताना मी थकलेली असते. दचके सोसत न्हाईत.”

भाऊंनी अजून एक टाकलं.